थॅचरबाई आणि कंपनीची प्रयोगशाळा: संशोधक माणूस खासदार म्हणून वेगळा ठरतो का?

पाऱ्याचा थेंब:
परवा गप्पांत एक मित्र करवादला, "संसदांमध्ये वकिलांची खोगीरभरती. प्रयोगशाळेत हात काळे केलेला माणूस औषधालाही सापडत नाही." म्हटलं, एक बाई होत्या की, आणि चांगली साडेअकरा वर्षं ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या.

मार्गारेट थॅचर ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकल्या. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प डोरोथी हॉजकिन या रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली, क्ष-किरणांनी ग्रॅमिसिडिन या प्रतिजैविकाच्या स्फटिकांचा अभ्यास. 1947 मध्ये एसेक्समधल्या मॅनिंगट्रीला बीएक्स प्लास्टिक्सच्या संशोधन विभागात लागल्या. डार्टफर्ड मतदारसंघाची उमेदवारी मिळाल्यावर हॅमरस्मिथला जे. लायन्स या केक-आइस्क्रीमवाल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत गेल्या. 1950 आणि 1951, दोन्ही निवडणुका हरल्या. 1959 ला फिंचलीतून खासदार.

माझं म्हणणं असं की ही कंपनीतली वर्षं शेवटपर्यंत कामी आली. ओझोनचंच बघा. 1985 मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या तिघांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन घटल्याचा निबंध छापला. 27 सप्टेंबर 1988 ला बाईंनी रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेत हरितगृह वायू, ओझोन आणि आम्लवर्षा या तिन्हींवर भाषण केलं. पुढच्याच मार्चमध्ये लंडनला ओझोनवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. फ्रिज-स्प्रेमधल्या सीएफसी वायूंतून सुटलेला क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू कसे फस्त करतो, हे दुसऱ्या एखाद्या पंतप्रधानाच्या गळी उतरवायला किती फायली लागल्या असत्या?

तिरपा कंस:
अहो, ज्या वकिलांच्या नावाने तुमचा मित्र बोटं मोडतोय, त्यातल्याच एक थॅचरबाई! 1953 मध्ये ऑगस्टला जुळी मुलं झाली आणि वर्ष संपायच्या आत बॅरिस्टरची परीक्षा पास. मग करविषयक वकिली. प्रयोगशाळेत जेमतेम चार वर्षं, तीही अर्धं लक्ष निवडणुकीत. खासदार झाल्यावर पहिलं विधेयक आणलं ते स्थानिक संस्थांच्या बैठका पत्रकारांना आणि लोकांना खुल्या करायचं. 1960 मध्ये त्याचा कायदा झाला. चांगलाच कायदा आहे, पण त्यात रसायन कुठे दिसलं?

आणि आता कुणीतरी येऊन "मऊ आइस्क्रीमचा शोध त्यांनीच लावला" म्हणेल, म्हणून आधीच सांगतो: त्याला पुरावा नाही.

बॅच नंबर सात:
दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. मी वीस वर्षं कंपनीच्या आर अँड डीत काढली आहेत, म्हणून तोंड घालतो.

आइस्क्रीमचं सोडा, बाईंच्या नावावर एक खराखुरा शोधनिबंध आहे. 1951 चा, जेलिनेक यांच्याबरोबर. माहेरचं नाव, एम. एच. रॉबर्ट्स. विषय: आल्फा-मोनोस्टिअरिनच्या एकरेण्वीय थराचं साबणीकरण. म्हणजे अल्कलीच्या पृष्ठभागावर एका रेणूइतका पातळ स्निग्ध थर पसरायचा आणि अल्कली तो किती वेगाने तोडते ते मोजायचं. भांड्याच्या कडेला बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी अख्खा दिवस वाया. असं काम केलेल्या माणसाला आकडा कसा जन्माला येतो ते कळतं, एवढं मी पाऱ्याच्या थेंबाला देतो.

पण कंपनीची प्रयोगशाळा आणखी एक गोष्ट शिकवते, ती विद्यापीठात शिकायला मिळत नाही. माझं एक मिश्रण काचपात्रात सुरेख जमलं होतं. दीड वर्षाच्या वह्या. प्लांट ट्रायलला, म्हणजे कारखान्यातल्या चाचणीत, दोनशे लिटरच्या टाकीत तेच मिश्रण तळाशी दह्यासारखं फाटलं. "दोन महिने द्या, का फाटलं ते शोधतो," म्हटलं. साहेबांनी विचारलं, "हे कळून घेणारा गिऱ्हाईक कोण?" दहा मिनिटांत फाइल बंद. राग आला, अजूनही येतो. मात्र पुढच्या प्रत्येक प्रकल्पाला पहिला प्रश्न मीच तो विचारायला लागलो, हे कबूल करतो. थॅचरबाईंनी लायन्समधून क्लोरीन नाही आणलं, हा प्रश्न आणला.

लाल लिटमस:
बॅच नंबर सात, मुद्द्याला हात घातलात! तो प्रश्न देशाच्या विज्ञानाला विचारला की काय होतं ते बघा. 1971 मध्ये थॅचरबाई शिक्षण आणि विज्ञानमंत्री असताना लॉर्ड रॉथशिल्डचा अहवाल आला. हे गृहस्थ कुठले? शेल या तेल कंपनीच्या संशोधनाचे माजी प्रमुख! त्यांचं सूत्र असं: उपयोजित संशोधनाला गिऱ्हाईक हवं, गिऱ्हाइकाने काय हवं ते सांगायचं, संशोधकाने जमलं तर करायचं, पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे. संशोधनाला सरकारी पैसे वाटणाऱ्या रिसर्च कौन्सिलांचे काही पैसे मंत्रालयांकडे वळवले गेले. पंतप्रधान झाल्यावर हीच पट्टी आणखी ताणली. बाजाराजवळचं संशोधन असेल तर सरकारने पैसे काढून घ्यायचे, उद्योग बघून घेतील. केंब्रिजची गव्हाच्या वाणांसाठी नावाजलेली प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूट 1987 मध्ये युनिलिव्हरला विकली.

शास्त्रज्ञ किती वैतागले असतील? 1985 मध्ये ऑक्सफर्डने आपल्याच विद्यार्थिनीला मानद पदवी नाकारली, 738 विरुद्ध 319 मतांनी. पुढच्या वर्षी 'सेव्ह ब्रिटिश सायन्स' ही संघटनाच उभी राहिली. अशी आपली माणसं नकोत, त्यापेक्षा काही न कळणारा वकील बरा. तो निदान विचारून तरी निर्णय घेतो.

पाऱ्याचा थेंब:
लाल लिटमस, अर्धीच बाजू मांडताय. 1988 च्या त्याच भाषणात बाई म्हणाल्या की फॅरडेच्या कामाची आजची किंमत शेअर बाजारातल्या सगळ्या शेअर्सपेक्षा जास्त भरेल. मूलभूत संशोधनाला सरकारने पैसे द्यावेत, विकाऊ मालाजवळच्या संशोधनाला कंपन्यांनी, अशी त्यांची वाटणी होती. चुकली असेल, पण ती अडाण्याची वाटणी नव्हे.

लाल लिटमस:
वाटणी कागदावर छान दिसते. गव्हाचं वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. पहिल्या वर्षी ते 'मूलभूत' आणि शेवटच्या वर्षी 'विकाऊ', मधल्या कुठल्या मंगळवारी रेघ मारायची? कंपनीत चार वर्षं काढलेल्या माणसाला कंपनी किती वर्षं कळ काढते ते ठाऊक हवं होतं.

तिरपा कंस:
आणि 2002 च्या पुस्तकात बाईंनी हवामानबदलाच्या इशाऱ्यांवर शंका घेतल्या, ते कुणीच काढलं नाही. 1988 मध्ये पुरावा कमी होता तेव्हा खात्री, चौदा वर्षांनी पुरावा वाढला तेव्हा शंका. तोवर तो विषय डाव्यांच्या हातातलं हत्यार झालाय असं त्यांना वाटू लागलं होतं. इथे निबंधवाली एम. एच. रॉबर्ट्स हरली आणि पक्षवाली जिंकली.

पाऱ्याचा थेंब:
हे मात्र बिनशर्त मान्य. त्या पुस्तकाची वकिली मी करणार नाही.

बॅच नंबर सात:
तिरपा कंस, तुमच्यासाठी एक किस्सा, नेहमी सांगितला जातो तो. 1948 मध्ये बाईंनी आयसीआय या रसायन कंपनीतही संशोधकाच्या जागेसाठी मुलाखत दिली होती. हट्टी आहे, स्वतःच्या मतांबद्दल घातक वाटावी इतकी ठाम आहे, असा शेरा मारून त्यांना घेतलं नाही. ओझोन खाणारे सीएफसी बनवणारी ब्रिटनमधली मोठी कंपनी हीच. घेतलं असतं, तर 1989 च्या ओझोन परिषदेत बाई टेबलाच्या कुठल्या बाजूला बसल्या असत्या?