पनवेलला दहा मिनिटं उशीर, कणकवलीला सव्वा तास: हा वाढतो कुठे?

रानजाई (प्रश्न)

कोकण रेल्वेच्या गाड्यांबद्दल नेमकी माहिती हवी आहे. गाडी पनवेल सोडते तेव्हा उशीर असतो जेमतेम दहा मिनिटांचा. चिपळूणला तो अर्धा तास होतो, रत्नागिरीला पाऊण तास आणि कणकवलीला सव्वा तास. मधे दरड नाही, अपघात नाही, पाऊससुद्धा नाही. मग हा उशीर वाढतो कुठे?

दुसरं म्हणजे, मुंबईच्या लोकलमध्ये ‘तांत्रिक बिघाडामुळे’ अशी घोषणा होते. त्या एका शब्दात नक्की काय काय येतं? आणि तिसरं, मुंबईकडे येणारी गाडी शेवटच्या टप्प्यात वीस-पंचवीस मिनिटं अचानक भरून कशी काढते? ‘ढिसाळ कारभार’ एवढंच उत्तर नको. यंत्रणा कशी चालते ते समजून घ्यायचं आहे.

एकेरी_मार्ग

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: क्रॉसिंग. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे जवळजवळ सगळा मार्ग अजून एकेरीच आहे. समोरासमोरच्या गाड्या स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात, आणि कोण कुठे थांबणार हे वेळापत्रक आखतानाच ठरलेलं असतं.

आता आकडे घालून बघा. क आणि ख ही शेजारशेजारची स्टेशनं, मधे दहा मिनिटांचं अंतर. तुमची गाडी ९:५० ला क सोडून १०:०० ला ख ला पोचायची आणि तिथे समोरच्या गाडीशी क्रॉसिंग व्हायचं, असं ठरलेलं. तुमची गाडी दहा मिनिटं मागे आहे, म्हणजे ती क ला येतेय १०:०० वाजता. समोरची मात्र वेळेवर ख ला हजर. सेक्शन कंट्रोलरपुढे, म्हणजे त्या टप्प्यात कोणती गाडी आधी सोडायची ते ठरवणाऱ्यापुढे, दोनच रस्ते उरतात. समोरच्या गाडीला ख ला दहा-बारा मिनिटं डांबून ठेवायचं, नाहीतर तिला सोडायचं आणि तुम्हाला क लाच थांबवायचं. समोरची राजधानी किंवा वंदे भारत असेल तर दुसराच रस्ता निवडला जातो.

मग तुमची गाडी क च्या लूप लाइनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, जाते. सांध्यावरून (रूळ बदलायच्या जागेवरून) लूपमध्ये शिरताना वेग साधारण ताशी ३० पर्यंत उतरवावा लागतो. समोरची १०:१० ला मेन लाइनवरून निघून जाते. तिचा शेवटचा डबा सांध्यापलीकडे गेल्याची खात्री, मार्ग बदलणं, पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर (मार्ग मोकळा असल्याची परवानगी), सिग्नल उतरणं, यात दोन-तीन मिनिटं जातात. तुम्ही निघता १०:१३ ला, निघायचं होतं ९:५० ला. दहाचे तेवीस झाले. शिवाय थांबलेली बावीस डब्यांची गाडी पुन्हा वेग घेईपर्यंत आणखी दोन-तीन मिनिटं. या साऱ्यात कोणाचीही चूक नाही.

खरी अडचण याच्या पुढची. तेवीस मिनिटं मागे पडलेल्या गाडीची पुढची सगळी ठरलेली क्रॉसिंग मोडतात. आणि उशिरा धावणाऱ्या गाडीसाठी वेळेवरची गाडी सहसा थांबवत नाहीत, कारण मग एकीऐवजी दोन गाड्या बिघडतात. म्हणून एकदा मागे पडलेली गाडी आणखी मागे ढकलली जाते. त्यात एखाद्या छोट्या स्टेशनात एकच लूप असेल आणि तिथे मालगाडी उभी असेल, तर ते स्टेशन क्रॉसिंगच्या कामाचंच उरत नाही. तुम्हाला त्याच्याही अलीकडच्या स्टेशनात रोखतात, आणि थांबा दहावरून पंचवीस मिनिटांवर जातो. तुमचे बहुतेक ‘पाऊण तास’ इथेच जातात.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. तेव्हा वेळापत्रकच वेगळं असतं. अनेक वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. गाड्यांचा वेग आधीच कमी धरलेला असतो, आणि मुसळधार पावसात पुढचं नीट दिसेनासं झालं की लोको पायलटनं ताशी ४० च्या वर जायचं नाही अशी सूचना असते. पानवल, मांडवी, जुवारी आणि शरावती या पुलांवर वारा मोजणारी यंत्रं आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी. त्यांनी इशारा दिला की गाडी स्टेशनातच थांबवतात. हा थांबा मी उशिरात धरतच नाही. या मार्गावर तो हवाच.

सांधेवाला

‘तांत्रिक बिघाड’ या शब्दाखाली मुंबईत बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: ट्रॅक सर्किट, पॉइंट (म्हणजे सांधा) आणि ओव्हरहेड वायर.

ट्रॅक सर्किट म्हणजे दोन्ही रुळांतून सोडलेला अगदी कमी दाबाचा विद्युतप्रवाह. गाडीची चाकं आणि आस रुळांवर आली की हा प्रवाह चाकांतूनच परत फिरतो, पलीकडचा रिले (विजेवर चालणारी कळ) पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. रिले पडायला गाडीच लागते असं नाही. खडीत चिखल आणि कचरा साचला, त्यावर पाऊस पडला, की प्रवाह खडीतूनच गळतो. रूळ तडकला तरी तो तुटतो. दोन तुकड्यांना वेगळं ठेवणाऱ्या इन्सुलेटेड जोडावर लोखंडाचा कीस साचला तरी गडबड होते. प्रत्येक वेळी परिणाम एकच: सिग्नल लाल. यंत्रणेला शंका आली की तिनं गाडी थांबवायची, अशीच तिची रचना आहे.

मग उशीर किती? स्वयंचलित सिग्नल लाल मिळाला तर मोटरमन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबतो आणि नंतर पुढच्या सिग्नलपर्यंत जास्तीत जास्त ताशी १५ वेगानं सरकतो. पाचशे मीटरचं अंतर असेल तर त्या वेगानं दोन मिनिटं लागतात. एरवी ताशी ६० नं अर्धं मिनिट पुरतं. म्हणजे दिवसा एका लाल सिग्नलमागे किमान अडीच मिनिटं गेली. गर्दीच्या वेळी मागची लोकल तीन-चार मिनिटांवरच असते, त्यामुळे बिघाड अर्ध्या तासात दुरुस्त झाला तरी रांग ओसरायला दोन-तीन तास जातात. घोषणा बंद झाल्यावरही लोकल रखडतात त्या याच रांगेपायी.

पॉइंटचं दुखणं फार बारीक असतं. सांध्याची सरकणारी जीभ मूळ रुळाला पूर्ण चिकटली आहे असं सिद्ध झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. तपासताना जीभ आणि रूळ यांच्यामध्ये ५ मिलिमीटर जाडीची पट्टी धरतात, आणि ती मधे असताना पॉइंट ‘सेट’ दाखवता कामा नये. म्हणजे बोराएवढा खडीचा खडा किंवा प्लास्टिकची चुरगळलेली बाटली मधे अडकली तरी पॉइंट फेल. मोटर सरकवायचा प्रयत्न करते, ठरलेल्या सेकंदांत जीभ बसली नाही की सोडून देते. स्टेशन मास्तर दोन-तीनदा उलटसुलट फिरवून बघतात. नाही बसला तर माणूस धाडावा लागतो. तो क्रँक हँडल घालून हातानं पॉइंट फिरवतो, क्लॅम्प लावतो, कुलूप घालतो, आणि मग लेखी परवानगीवर गाडी हळूहळू पुढे जाते. एका गाडीला यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. रुळावर फेकलेला कचरा थेट या जागी येऊन अडतो, हे प्रत्येक प्रवाशाला माहीत असायला हवं.

पाणी तुंबल्यावर पॉइंट मशीन बुडतात आणि ट्रॅक सर्किट जातात, म्हणून सिग्नल आधी बंद पडतात. रुळाच्या माथ्यावर साधारण चार इंच पाणी चढलं की गाडीच चालवत नाहीत, कारण ट्रॅक्शन मोटर चाकांच्या मधे खाली टांगलेल्या असतात.

थंडीत पहाटे रूळ तडकतात. जोडून अखंड केलेल्या रुळाला आकसायला जागा नसते, त्यामुळे ताण वाढतो आणि कच्च्या वेल्डवर तो फुटतो. फटीला जोड-पट्ट्या आणि क्लॅम्प लावून पहिल्या गाड्या ताशी १०-२० नं काढतात. पक्कं वेल्डिंग नंतर ब्लॉक घेऊन.

आणि दिवा स्टेशनाजवळचं रस्त्याचं फाटक. फाटक उघडं असेपर्यंत सिग्नल मिळतच नाही, दोन्ही एकमेकांना इंटरलॉक केलेले आहेत. शेवटची रिक्षा दांड्याखाली घुसली की फाटक लागायला मिनिटभर उशीर, आणि तेवढ्यात दोन्ही दिशांच्या लोकल उभ्या.

घाटमाथा

वरच्या दोघांनी रुळावरचं सांगितलं, मी गाडीतलं सांगतो. सर्वांत टाळता येण्याजोगं कारण म्हणजे साखळी ओढणं.

गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये हवेचा दाब ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. साखळी ओढली की त्या डब्यातली झडप उघडून हवा बाहेर पडते आणि ब्रेक लागतात. गाडी थांबली तरी झडप उघडीच राहते. गार्ड आणि सहायक लोको पायलट दोन टोकांकडून चालत निघतात आणि कोणत्या डब्यातून हवेचा ‘फुस्स’ आवाज येतोय ते कान देऊन शोधतात. एलएचबी (नव्या धाटणीचा) डबा सुमारे २४ मीटरचा, बावीस डबे म्हणजे अर्धा किलोमीटरहून जास्त. तेही खडीवरून, रात्री टॉर्चच्या उजेडात. झडप पूर्ववत करायची, पाइप पुन्हा भरायचा, शेवटच्या डब्यापर्यंत दाब पोचल्याचं गार्डनं बघायचं. सपाटीवर आठ-दहा मिनिटं जातात, पूल किंवा बोगद्यात त्याहून जास्त. नंतर एखाद्या डब्याचे ब्रेक नीट सुटत नाहीत, चाक तापून धूर येतो, पुढच्या स्टेशनातून लाल झेंडी दिसते आणि पुन्हा थांबा.

याहून वाईट जागा म्हणजे न्यूट्रल सेक्शन. २५ हजार व्होल्टच्या वायरला ठरावीक अंतरावर वेगळ्या फेजची वीज येते, आणि दोन फेजच्या मधला छोटा तुकडा मुद्दाम बिनविजेचा ठेवतात. आधी ५०० आणि २५० मीटरवर सूचनाफलक असतात. लोको पायलट इंजिनाचा मुख्य ब्रेकर उघडून केवळ वेगाच्या जोरावर तो तुकडा पार करतो. नेमकी तिथे साखळी ओढली गेली आणि पेंटोग्राफ (इंजिनाच्या छतावरचा, वायरमधून वीज घेणारा सांगाडा) त्या तुकड्याखाली थांबला, तर इंजिनाला वीजच नाही. दुसरं इंजिन येऊन ढकलेपर्यंत गाडी तिथेच.

बोर घाट आणि थळ घाटात चढ ३७ ला १ आहे, दर ३७ मीटरला एक मीटर उंची. त्यामुळे कर्जत आणि कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. एक गाडी उशिरा आली की तिचे बँकर उशिरा मोकळे होतात आणि पुढच्या गाडीला वाट बघावी लागते. २०२३ पासून शिर्डी आणि सोलापूरच्या वंदे भारत बँकरशिवाय चढतात, कारण त्यांच्या मोटर गाडीभर वाटलेल्या आहेत. उतरताना ब्रेकची चाचणी आणि कमी वेग सक्तीचा. तो वेळ कोणी वाचवायला जाऊ नये.

मांजा_नको

विरळ कारणांबद्दल थोडं. संक्रांतीच्या सुमारास मांजा ओव्हरहेड वायरवर लोंबकळतो, आणि ओला किंवा धातूची भुकटी लावलेला असेल तर वीज ट्रिप होते. कावळे घरट्यात तारांचे तुकडे वापरतात, ती घरटी इन्सुलेटरजवळ असली की तोच प्रकार. साप खांबावर चढूनही शॉर्ट सर्किट होतं. जनावर धडकलं तर इंजिनाखालचे हवेचे होज तुटतात, आणि दाब गेला की गाडी जागेवरच. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीनगर वंदे भारतला म्हशी धडकल्या होत्या आणि तिच्या नाकाचं आवरण निखळलं होतं.

घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या जपानलाही हे सुटलेलं नाही. मे २०१९ मध्ये क्युशू बेटावर एक बिनशंखाची गोगलगाय विजेच्या उपकरणात शिरली, शॉर्ट सर्किट झालं आणि २६ गाड्या रद्द झाल्या. जपानच्या मध्य डोंगराळ भागात एका जातीच्या पैसा (अनेक पायांचे किडे) दर आठ वर्षांनी हजारोंनी निघतात. रुळावर चिरडल्या की चाकं घसरतात. आपल्याकडे पहिल्या पावसात रुळावरची तेलकट धूळ ओली होऊन असंच होतं. उपाय दोन्हीकडे सारखा, चाकापुढे कोरडी वाळू सोडणं. वाळू दमट झाली तर नळीतच गोळा होऊन बसते, म्हणून ती चाळून, वाळवून भरावी लागते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रॉसिंगचा हिशोब पहिल्यांदा नीट कळला. तिसरा प्रश्न मात्र राहिला: शेवटी वेळ भरून कशी निघते?

एकेरी_मार्ग

ती भरून निघत नाही, आधीच ठेवलेली असते. वेळापत्रकात दुरुस्तीच्या कामांसाठी आणि खोळंब्यासाठी जादा मिनिटं धरतात, आणि ती बहुतेक शेवटच्या टप्प्यात कोंबलेली असतात. स्वतः पडताळा: तुमच्या गाडीची सीएसएमटी ते ठाणे जातानाची वेळ आणि ठाणे ते सीएसएमटी येतानाची वेळ शेजारी मांडा. येतानाची जास्त दिसेल. अंतर तेच, फरक म्हणजे ही शिल्लक.

मेल-एक्सप्रेसचा वक्तशीरपणा शेवटच्या स्टेशनावर मोजतात, आणि १५ मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ धरतात. म्हणून शिल्लक तिथे ठेवणं सोयीचं. पण त्यामुळे कणकवली किंवा चिपळूणला उतरणाऱ्याचा सव्वा तास कुठेच मोजला जात नाही. मला हे चूक वाटतं. थोडी शिल्लक रत्नागिरीच्या अलीकडे ठेवली तर पुढची क्रॉसिंग वाचतील.

घाटमाथा

एक भर घालतो. गाडी सुटायलाच उशीर होणार का, हे आधी कळू शकतं. तिचा रेक (डब्यांचा संच) कोणत्या गाडीचा येतो ते बघा. कोकणकन्या आणि मांडवी यांचे रेक एकमेकींशी जोडलेले आहेत. एक उशिरा आली की दुसरीच्या सफाईचा, पाणी भरण्याचा, ब्रेक तपासणीचा वेळ आक्रसतो. पिट लाइनवर (खालून डबे तपासायच्या खड्ड्याच्या रुळावर) पूर्ण देखभालीला साधारण सहा तास लागतात, ते कापता येत नाहीत.

एकेरी_मार्ग

बरोबर. आणि वाटेत असाल तर असं बघा. ठरलेला थांबा नसलेल्या स्टेशनात गाडी लूपला उभी राहिली की एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या सेवेवर) त्या स्टेशनाऐवजी पुढच्या मोठ्या स्टेशनाची यादी उघडा आणि तिथून तुमच्याकडे निघालेली गाडी शोधा. ती निघून पाच मिनिटं झाली असतील तर क्रॉसिंगच आहे. ती शेजारून गेल्यावर आणखी तीन मिनिटं धरा. आणि समोरून काहीच येत नसेल तर तुमच्या मागून येणारी गाडी बघा. बहुतेक वेळा तिलाच पुढे काढत असतात.