मदत हवी आहे: काळ्या मातीवर शहाबादी फरशी

बेळगावात वडगावला घरामागच्या परसात १० बाय १२ फुटांत बसायला फरशी घालायची आहे. बजेट १५,००० रुपये, म्हणून काँक्रीट नको. जुन्या शहाबादी फरश्या आहेत, शाबूत आहेत. अडचण मातीची. काळी, चिकट, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगते. नुसत्या वाळूवर काही फरश्या बसवून बघितल्या, तर मृगातच कडा उचलल्या आणि मधे पाणी साचलं. गवंडी म्हणतो, ६ इंच मुरूम बास. बोळ अरुंद आहे, रोलर येत नाही, माल पाटीनेच आत न्यायचा. दाबायला फक्त धुमस. उतार गटारीकडे देता येतो.

काळ्या मातीत हे काम केलेल्यांनी सांगा: माती किती खोल काढू, मुरूम किती घालू, आणि सांधे सिमेंटने भरू की मोकळे ठेवू?