कोळसा खाणीच्या पॅनेलमध्ये (कोळसा काढायच्या एका खंडात) पाणी किती येईल? पारगम्यतेचा (खडकातून पाणी किती सहज झिरपतं त्याचा) कुठला आकडा धरायचा?

झिरपा: लाँगवॉलसाठी (एका लांब तोंडानं कोळसा काढत मागचं छत कोसळू द्यायची पद्धत) पंप किती क्षमतेचे लागतील ते सांगायचंय. वरच्या वालुकाश्मात पॅकर टेस्ट (बोअरचा एक भाग बंद करून त्यात दाबानं पाणी सोडायची चाचणी) घेतल्या, पारगम्यता १०⁻⁸ मी./से. आली. क्षेत्र १ चौ.किमी., जलदाबाचा उतार १ धरला की डार्सीच्या सूत्रानं (पारगम्यता × क्षेत्र × उतार) सेकंदाला १० लिटर, म्हणजे दिवसाला ८६४ घनमीटर. साहेब म्हणतात, "छत कोसळल्यावर दसपट होईल, ८,६४० लिही." पटत नाही, पण खोडताही येत नाहीये.

जुना बोअरवाला: साहेबांचं अर्धं बरोबर आहे. गोफच्या (कोळसा काढल्यावर छत कोसळून भरलेल्या जागेच्या) वर भेगांचा पट्टा तयार होतो, तिथं शाबूत खडकातली टेस्ट चालत नाही. पण भेगा वाट देतात, पाणी देत नाहीत. वर्षाला १०० मिमी पाणी मुरत असेल, तर तेवढ्या क्षेत्रावर दिवसाला सरासरी २७४ घनमीटरच पडतं. बाकीचं खडकातल्या साठ्यातून नाहीतर आजूबाजूनं ओढलं जाणार. म्हणजे ८,६४० आलेच तरी टिकणार नाहीत, ओसरत जातील. साहेबांना दोन आकडे द्या, सुरुवातीचा चढा आणि नंतरचा स्थिर. पंप पहिल्यावर ठरतात.

आणि एक. उभ्या बोअरमधली पॅकर टेस्ट मुख्यतः आडवी पारगम्यता दाखवते, तुम्ही ती उभी म्हणून वापरलीय! मध्ये शेलचा (चिकणमातीच्या थरदार खडकाचा) सलग थर असला तर उभी कितीतरी कमी निघते. तो थर भेगांच्या पट्ट्यात सापडतो की वर शाबूत राहतो, सगळा खेळ तिथं आहे.

सेफ्टीवाला: शेजारी जुनी कामं (आधी खणून सोडलेल्या जागा) असतील तर हा हिशेबच वेगळा. २ मीटर जाडीचा कोळशाचा थर अर्धा काढलेला असला, तर हेक्टरी १०,००० घनमीटर पाणी मावतं. १९७५ साली धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत माणसं गेली ती झिरप्यानं नाही, साचलेलं पाणी एकदम घुसल्यानं. जुन्या नकाशावर विसंबू नका, पुढं बोअर मारत चला.

झिरपा: शेल आहे, सुमारे ९ मीटर. पण भेगा तिथवर जातात का, हे कसं कळणार?

जुना बोअरवाला: काढून झालेल्या पॅनेलवर वरून बोअर घ्या. ड्रिलिंगचं पाणी वर परत यायचं थांबेल ती खोली लिहून ठेवा, भेगा साधारण तिथून सुरू. शेलच्या वर-खाली पिझोमीटर (खडकातल्या पाण्याचा दाब मोजायचं साधन) बसवा. आणि त्या पॅनेलच्या पंपाचे आकडे मिळाले तर धूळ दाबायला खाली सोडलेलं पाणी त्यातून वजा करा, बरेच जण ते विसरतात.