मदत हवी आहे: ऑर्डर आहे पण पोटगी येत नाही

सायली_क
कोर्टाची ऑर्डर हातात आहे, तरी पैसे नाहीत. गणपतीत मुलीच्या बापाला फोन केला तर म्हणे "दिवाळीनंतर बघू". पोलीस चौकीत कोर्टात जा म्हणाले. तिच्या फीची मुदत पंधरा तारखेला संपतेय. काय करू? लवकर सांगा प्लीज.

निशिगंध
ऑर्डर कुठल्या कलमाखाली? पोटगी तुमची की मुलांची? किती महिने थकलेत?

सायली_क
मुलीची, महिना ८०००. कलम वकिलांना माहीत, ते फोन उचलत नाहीत.

भाऊ_सातारकर
माझ्या मेहुणीने बापाला मुलगी भेटवणंच बंद केलं. दोन महिन्यांत पैसे जमा!

निशिगंध
भाऊ, नका हो असलं सांगू. भेटीची ऑर्डर असेल तर उलट हिच्यावरच अर्ज पडेल. सायलीताई, पहिल्या पानावर १२५, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम, दिसतंय का?

सायली_क
हो, १२५. २०२२ ची. शेवटचे पैसे गेल्या नवरात्रात आले.

तारीखवाला
आणि तुम्ही दिवाळीपर्यंत थांबणार? हप्ता थकल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या महिन्यासाठी वॉरंट निघत नाही. वॉरंटच्या रस्त्याने जुने महिने एकेक करून हातचे जातील. ऑर्डरची नक्कल आणि बँक स्टेटमेंट घेऊन याच आठवड्यात अर्ज टाका. १ जुलै २०२४ पासून १२५ च्या जागी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १४४ आलंय, गोंधळू नका.

मीरा_मावशी
मुलीच्या पासपोर्टला बापाची सही लागते का हो?

निशिगंध
मावशी, वेगळा धागा काढा ना.

भाऊ_सातारकर
आत टाकला तर कमावणार कधी? पैसे तर बुडालेच.

तारीखवाला
थकलेल्या एका महिन्यामागे महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते, पण आत बसून थकबाकी फिटत नाही. आणि वर्ष उलटलं म्हणून हक्कही संपत नाही. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) मध्ये सुप्रीम कोर्टाने पोटगी दिवाणी हुकूमनाम्यासारखी (पैशाच्या दाव्यातल्या निकालासारखी) वसूल करता येते म्हटलंय. पगार जप्तीही मागता येते. नोकरी कुठे?

सायली_क
सोडली म्हणतो. पण कालच स्टेटसला नवी गाडी, हार घालून.

निशिगंध
स्क्रीनशॉट काढा आधी, चोवीस तासांत जाईल! वकील उचलत नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना आणि मुलांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सायली_क
काढला. उद्या अर्धी रजा टाकून जाते.

भाऊ_सातारकर
गाडी कुठली घेतली?