चाकणला क्वालिटीत सव्वाचार वर्षं झाली. सोडू की पाच पूर्ण करू?

मायक्रोमीटर:
डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इंजिनिअर आहे. ऑफर लेटरवर 4.80 लाख, म्हणजे महिन्याला 40 हजार. त्यातून कंपनीचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटीचे 769 आणि वर्षअखेरीच्या परफॉर्मन्स पेचे 4,000 आधीच बाजूला. मग माझा पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, बस-कॅन्टीन. बँकेत 30,200 च्या आसपास येतात. परफॉर्मन्स पे चार वर्षांत एकदाच पूर्ण मिळाला.

शिफ्ट साडेआठची. साडेपाचची बस आठवड्यातून एखाद्या दिवशी मिळते. आमच्यातले दोघे सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. इनकमिंग, लाइन इन्स्पेक्शन, कस्टमरच्या तक्रारींचे 8डी (चुकीचं मूळ शोधून सुधारणा लिहायचे रिपोर्ट), सगळं माझ्याकडे. तळेगाव चौकातून मोशीला पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असते.

पण मागच्या महिन्यातली एक रात्र डोक्यातून जात नाही. पावणेदहा वाजलेले, 25 एच7 चा बोअर, म्हणजे 25 मिलीमीटरचं भोक, टॉलरन्स फक्त 21 मायक्रॉन. प्लग गेजची नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती कुठेही न अडता सरळ आत गेली, म्हणजे भोक मोठं. दुसरा पीस तोच, तिसरा तोच. ऑपरेटर सलग दुसरी शिफ्ट करत होता, मशीनला ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देताना चुकला. त्याला काय बोलणार? 340 पीसना रिजेक्टचा लाल टॅग लावला. प्लांट हेड म्हणाले, "गाडी आज निघाली पाहिजे, रिपोर्टवर सही कर, कस्टमरशी मी बोलतो." मी सही केली नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, "याला कंपनीचं काही पडलेलं नाही." हे फार लागलं. इन्क्रिमेंट 3 टक्के.

ग्रॅच्युइटीसाठी लागणाऱ्या पाच वर्षांना नऊ महिने आहेत. थांबू का?

जुना_सेटर:
भावा, सही केली नाहीस ते शंभर टक्के बरोबर. भोसरीत 31 वर्षं मशीन सेटर होतो. माल परत आला की साहेब काय बोलले होते ते कुणी विचारत नाही, रिपोर्ट काढतात आणि खालची सही बघतात. डेव्हिएशन, म्हणजे मापाबाहेरचा माल चालवायची परवानगी, हवं तर कस्टमरकडून लेखी आणायचं. त्या रात्रीच्या रिजेक्शन नोटची कॉपी जपून ठेव.

पेरोल_ताई:
दादा, 769 वजा होतात म्हणजे तुमचं बेसिक 16,000 असणार, ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के धरतात. 16,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 5 वर्षं. 46 हजारांच्या थोडं वर होतात. नोटीसचे दिवस नोकरीतच मोजतात, पण राजीनामा दिल्यावर कंपनीने लवकर सोडलं तर तारीख हुकेल. थांबायचंच ठरलं तर पाच पूर्ण झाल्यावरच राजीनामा द्या.

ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. तो टाळायला "एक्झिक्युटिव्ह" असं पद देतात. पण वाद झाला तर पदाचं नाव नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात.

आणि आजच यूएएनचं (पीएफ खात्याच्या नंबरचं) पासबुक उघडा. तुमचे 1,800 आणि कंपनीचे 550 दिसले पाहिजेत. कंपनीचे उरलेले 1,250 पेन्शनमध्ये जातात, त्यामुळे 550 बघून घाबरू नका.

रांजणगाव_लाइन2:
मी 4 वर्षं 7 महिन्यांवर सोडलं. नवीन ठिकाणी महिन्याला 8 हजार जास्त मिळाले, सहा महिन्यांत ग्रॅच्युइटीएवढी रक्कम भरून निघाली. बायको म्हणते, आता जेवताना बोलतोस तरी. हातात ऑफर असेल तर 46 हजारांसाठी नऊ महिने काढू नकोस. ऑफर नसेल तर मात्र रागाच्या भरात राजीनामा टाकू नकोस, ईएमआय थांबत नाही.

मायक्रोमीटर:
ताई, पासबुक उघडलं. शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे जमाच नाहीत. स्लिपवर दोन्ही महिने 1,800 कापलेले आहेत. आता स्लिपा आणि पासबुक जोडून एचआरला मेल टाकला. काका, रिजेक्शन नोटची कॉपी घरी आणली आहे. रविवारी मुलगी झोपली की सीव्ही लिहायला बसतो.