अनुभव धागा : संध्याकाळी उमलणारी चांदवेल

चांदवेल, म्हणजे मूनफ्लॉवर, ज्यांनी ज्यांनी लावली आहे त्यांनी आपापला अनुभव इथे लिहावा, यासाठी हा धागा. वेल अगदी सोपी आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं. वाढीपुरतं ते खरंही आहे, बघता बघता कठडा झाकून टाकते. पण फुलांचं काय? मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: पानं तळहाताहून मोठी झाली, वेल छपरावर पोचली, तरी कळीचा पत्ता नाही, आता काय करू? त्यामुळे बी रुजवण्यापासून काहीही लिहा, पण तुमच्याकडे कळी कधी आणि कशाने धरली, ते आवर्जून लिहा.

आधी थोडी ओळख. शास्त्रीय नाव आयपोमिया आल्बा, लिनेयसने १७५३ साली दिलेलं. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागांतली. रताळं आणि मॉर्निंग ग्लोरी तिच्याच कुळातली, नव्हे, आयपोमिया याच प्रजातीतली (जीनस). फूल पांढरं, ८ ते १४ सेंटिमीटर रुंद, मागे लांब बारीक नळी. दिवस मावळता उघडतं, सकाळी ऊन तापलं की मिटतं, आणि एकदा मिटलेलं फूल पुन्हा उघडत नाही. आभाळ भरलेलं असेल तर सकाळी उशिरापर्यंत टिकतं.

आज कोणती कळी उमलणार हे दुपारीच ओळखता येतं. कालपर्यंत हिरवट आणि घट्ट असलेली कळी लांब होते, फुगते, तिच्यावरचे हिरवट पट्टे एकमेकांपासून सुटे दिसायला लागतात. अंधारून आलं की पीळ सैल होतो. कळी थरथरते, थांबते, पुन्हा थरथरते. मग एक कड सुटते आणि पाहता पाहता सगळा पडदा पसरतो, मधे पाच पट्ट्यांची चांदणी. सगळं काही मिनिटांत आटोपतं. झाडाची हालचाल नुसत्या डोळ्यांनी, तीही एवढ्या जवळून, फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. म्हणून ही वेल नेहमीच्या बसण्याच्या जागेजवळच लावावी, असं माझं ठाम मत आहे.

मातीमाखली

बियांबद्दल लिहिते. बी वाटाण्याएवढं, पांढरट, तपकिरी किंवा काळं, आणि कवच भलतंच टणक. तसंच मातीत टाकलं तर कधी रुजेल याचा नेम नाही. मी नेलकटरच्या कानशीने कवच एका जागी घासते, आतला फिका रंग दिसेपर्यंतच. बीवर जिथे बारीकसा डोळा असतो ती बाजू मात्र सोडायची, कारण मूळ तिथूनच येतं. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी जी फुगून दुप्पट झालेली असतील ती लावायची, जी तशीच कडक राहिली असतील ती पुन्हा घासायची. पाण्यात दिवसेंदिवस ठेवू नका, कुजतात. माती ऊबदार हवी, २० ते २५ अंशांच्या आसपास किंवा थोडी वर. गार मातीत बी नुसतं पडून राहतं.

उगवल्यावर पहिली दोन पानं मधोमध खोल दुभंगलेली येतात. खरी पानं हृदयाच्या आकाराची, ती नंतर. बियांवरचं कवच कधी कधी त्या पहिल्या पानांना टोपीसारखं अडकून बसतं. ओढायचं नाही. पाण्याचं बोट लावून मऊ करायचं, आपोआप गळतं.

अर्धामांडव

धागाकर्त्या ताईंनी विचारलेल्या प्रश्नावरच लिहितो, कारण माझ्याकडे एकाच वेलीवर दोन्ही उत्तरं दिसली.

गच्चीच्या एका टोकाला रात्रभर जळणारा दिवा आहे. वेल मधोमध लावलेली, फांद्या दोन्हीकडे गेल्या. दिवस लहान होऊ लागले तशा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला गेलेल्या फांद्यांवर कळ्यांचे झुबके धरले. दिव्याकडच्या फांद्या मात्र हिरव्यागार, तजेलदार आणि रिकाम्या. मूळ तेच, माती तीच, पाणी तेच. फरक फक्त अंधाराचा.

याला कारण आहे. आयपोमियाच्या कुळातल्या कित्येक वेली कळी धरण्यासाठी लांब रात्रीची वाट पाहतात. हिची बहीण आयपोमिया निल तर या विषयावरच्या प्रयोगांत जगभर वापरली जाते. तिच्या कोवळ्या रोपाला एकच पुरेशी लांब रात्र मिळाली तरी ते कळी धरतं, आणि त्याच रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड पाडला तर धरत नाही. रात्र मोजण्याचं काम पानं करतात. चांदवेलीचा कलही तसाच. म्हणून उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसांत ती फक्त चढत राहते आणि दिवस आखडले की मन लावून फुलते. मी दिव्याला त्या बाजूने पत्र्याचा आडोसा केला. पुढच्या बहराला ते टोकही फुललं.

दुसरी गोष्ट खताची. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की ही वेल पानांतच रमते. लावताना मातीत कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असेल तर तेवढं पुष्कळ आहे. नंतर युरियासारखं काही अजिबात नको. द्यायचंच असेल तर कळ्या धरायच्या सुमारास स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) जास्त असलेलं, तेही बेतानं. पाण्यात मात्र काटकसर नको. एवढ्या मोठ्या पानांतून पाणी भराभर उडतं, कुंडीतली वेल दुपारी माना टाकते. संध्याकाळी उठून बसली तर घाबरू नका, सकाळीही मलूल दिसली तर माती खरोखर कोरडी आहे.

आणि ऊन. दिवसाचं भरपूर ऊन, रात्रीचा पुरता अंधार. नुसता अंधार हवा म्हणून सावलीत लावली तर वेल काडीसारखी बारीक होते.

उत्तरखिडकी

माझा अनुभव थंड प्रदेशातला, जिथे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. अर्धामांडव यांनी लिहिलेलं वाचून बराच उलगडा झाला. इथे वेल सगळा उन्हाळा नुसती वाढते आणि रात्री लांब होऊ लागल्या की फुलायला लागते, पण तोवर हिमतुषाराचा धोका जवळ आलेला असतो. उष्ण प्रदेशात ती वर्षानुवर्षं जगते, इथे पहिल्याच गोठणाऱ्या रात्री काळी पडते. त्यामुळे बी घरात, हिमतुषार संपण्याच्या चार ते सहा आठवडे आधी लावायचं. मुळं हलवलेली तिला सोसत नाहीत, म्हणून कागदी किंवा काथ्याच्या कुंडीत, जी तशीच्या तशी जमिनीत ठेवता येते. आणि बाहेर न्यायची घाई नको. रात्री १० अंशांखाली गेल्या की रोप पिवळं पडून अडून बसतं, नंतर लावलेलं रोप त्याच्या पुढे निघून जातं.

मी यंदापासून मोठ्या कुंडीतच ठेवणार आहे, म्हणजे शेवटचे काही आठवडे आत, काचेजवळ आणता येईल. फक्त संध्याकाळनंतर त्या खोलीतला दिवा लावायचा नाही, हे आता घरच्यांना सांगून ठेवलं आहे.

काटेरी फळ

एक सूचना, सगळ्यांनी वाचावी. मूनफ्लॉवर या नावाने धोत्र्याच्या काही जातींचंही बी मिळतं. फूल तसंच मोठं, पांढरं, संध्याकाळी उमलणारं, त्यामुळे फसगत सहज होते. धोत्रा वेल नाही, झुडूप आहे. त्याचं खोड कशालाही गुंडाळत नाही, पान चुरगाळलं तर उग्र वास येतो आणि फळावर काटे असतात. धोत्र्याचा प्रत्येक भाग विषारी आहे, बिया तर जीवावर बेततात. चांदवेलीच्या बियाही खाण्याच्या नाहीत. लहान मुलं आणि पाळीव प्राणी असतील त्या घरात बिया बंद डबीत, नाव लिहूनच ठेवाव्यात.

पाकोळी

मला या वेलीचं वेड लागलं ते तिच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांमुळे. एवढी लांब नळी, तळाशी मध, आणि उमलायची वेळ रात्रीची. हे सगळं हॉकमॉथ पतंगांसाठी आहे. फुलं उघडल्यावर हालचाल न करता थांबलं तर आधी पंखांचा घरघराट ऐकू येतो. पतंग फुलावर बसत नाही, समोर हवेतच स्थिर राहतो आणि सोंड उलगडून नळीत घालतो. आफ्रिका, आशिया, युरोपात दिसणाऱ्या कन्व्हॉल्व्ह्युलस हॉकमॉथची सोंड त्याच्या शरीराहून लांब असते. एका फुलावर क्षणभर, की पुढच्या फुलावर. पोटावरचे गुलाबी-काळे पट्टे टॉर्चच्या मंद, लाल उजेडात नीट दिसतात. पांढरा झोत टाकला तर पळतो.

याच पतंगाचे सुरवंट रताळ्याची आणि चांदवेलीची पानं खातात. बोटाएवढे जाड, शेपटीवर वाकडं शिंग, कधी हिरवे, कधी तपकिरी. एक सुरवंट दोन दिवसांत फांदी उघडी करतो, हे मान्य. पण भरल्या वेलीला त्याने काही होत नाही, नवे फुटवे येतात. रोप लहान असेल तर मी सुरवंट उचलून मोठ्या वेलीवर नेऊन ठेवते. वाढ पुरी झाली की तो मातीत शिरतो. कुंडी उकरताना त्याचा तपकिरी कोष सापडला तर परत झाकून ठेवा. ओळख सोपी आहे, सोंडेचा भाग सुरईच्या कानासारखा बाहेर वळलेला असतो.

म्हणून फवारणीबद्दल कळकळीने सांगते. पांढरी माशी, मावा आणि लाल कोळी या वेलीवर येतातच. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मारला तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. कडुनिंबाचं तेल वापरायचंच झालं तर सकाळी, फुलं मिटल्यावर, आणि सुरवंट नसलेल्या फांद्यांवरच. उमलत्या कळ्यांवर कधीच नाही.

उजवीकडून

आधाराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ही वेल तणावे काढत नाही, खोडच गुंडाळते. त्यामुळे भिंत किंवा जाड खांब तिच्या उपयोगाचा नाही, दोरी, तार किंवा बारीक काठी हवी. वरून पाहिलं तर ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. आपण हाताने सुलट गुंडाळली तर दुसऱ्या दिवशी सुटून लोंबताना दिसते. शेंडा वीतभर असताना एकदा खुडला तर खालून फुटवे येतात आणि फुलं डोळ्यांच्या पातळीवर राहतात, नाहीतर सगळा बहर छपरावर. खोडावर मऊ काट्यांसारखे उंचवटे असतात आणि कापलं की पांढरा चीक येतो, कातडी नाजूक असेल तर हातमोजे घाला.

त्या चिकावरून आठवलं. मेसोअमेरिकेतले, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या भागातले प्राचीन लोक कॅस्टिला नावाच्या झाडाच्या चिकात याच वेलीचा रस मिसळून रबर बनवत. त्यांचे रबरी चेंडू इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचे सापडले आहेत, आणि ही प्रक्रिया रसायनाच्या अंगाने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली सायन्स नियतकालिकात मांडली. नुसता चीक वाळला की ठिसूळ होतो, हा रस घातला की उसळी घेतो.

झुबका

माझी मधुमालती आहे, चालेल ना? तीही संध्याकाळीच उमलते. पहिल्या रात्री पांढरी, मग गुलाबी, मग लाल. पांढरी असताना रात्रीचे पतंग, रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं. फुलं जुन्या झुबक्यांत दिवसभर टिकतात, त्यामुळे ज्यांना संध्याकाळी घरी पोचता येत नाही त्यांच्यासाठी ती जास्त सोयीची. मात्र ती लाकडी वेल आहे, दरवर्षी बहर ओसरल्यावर कडक छाटणी लागतेच.

धागाकर्ती

झुबका, नक्की चालेल, छाटणीचं सविस्तर लिहा.

बियांबद्दल दोघांनी विचारलं आहे, ते सांगून ठेवते. फूल गळल्यावर देठ जाड होतो आणि बोंड खाली वाकतं. हिरवं असताना तोडू नका, आतलं बी मऊच असतं. बोंड तपकिरी, कोरडं झालं आणि हलवल्यावर बी वाजलं की काढायचं. एका बोंडात साधारण चार बिया. आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात. जी बोंडं नको असतील ती हिरवी असतानाच खुडून टाका, रानात किंवा ओढ्याकाठी फेकू नका. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ही बागेतून निसटलेली वेल झाडांवर चढून रानाचा उजेड अडवते आहे. ज्यांच्या भागात ती लावायला मनाई आहे त्यांनी मधुमालतीबद्दलही आधी चौकशी करून घ्यावी, काही प्रदेशांत तीही त्याच यादीत आहे.

अर्धामांडव दादा, दिव्याच्या आडोशाचा फोटो टाकता का? आणखी कोणाच्या वेलीजवळ रात्रभर दिवा असेल तर दोन्ही बाजूंच्या फांद्या पाहून लिहा.