शब्दचर्चा: 'वैश्विक नागरिकत्व' मुलांना कोणत्या शब्दात सांगावं?

खडूफळा:
नमस्कार. निफाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. 'वैश्विक नागरिकत्व' या विषयावर मुलांबरोबर तासिका घ्या, फोटो काढून पाठवा, असं पत्रक वरून आलं आहे. फोटोचं होईल. अडलंय ते शब्दापाशी.

परवा हे दोन शब्द फळ्यावर लिहिले आणि काय कळलं ते वहीत लिहायला सांगितलं. एकाने लिहिलं, 'ज्याच्याकडे सगळ्या देशांचे पासपोर्ट असतात तो.' एकीने, 'अंतराळात राहणारा माणूस.' तिघांनी नुसतंच 'एनआरआय'. आणि मागच्या बाकावरून शंका आली, मॅडम, नागरिक म्हणजे नांगर धरणारा का? हसू आलं, पण कुणाला चूक देता येईना. शब्द जे सुचवतो तेच त्यांनी लिहिलं.

तर: वैश्विक की जागतिक? 'नागरिकत्व'च हवं का? आणि बारा वर्षांच्या पोराला उलगडेल असा शब्द मराठीत आधीपासून आहे का? कोशातला नको, तोंडातला हवा.

काना_मात्रा:
पहिल्याचं उत्तर सोपं: जागतिक. हिंदीत वैश्वीकरण, आपल्याकडे जागतिकीकरण. हिंदीत विश्व बैंक, आपल्याकडे जागतिक बँक. 'वैश्विक' अलीकडे पत्रकांतून उतरतोय तो बहुतेक हिंदी मसुद्यावरून. मराठी कानाला 'विश्व' म्हटलं की ग्रहतारे दिसतात, त्यामुळे अंतराळवालीला पैकीच्या पैकी गुण द्या. १९९४ साली वर्तमानपत्रांना हा फरक भारी उपयोगी पडला होता. सुश्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी! विनोबाही 'जय हिंद'च्या पुढे गेले ते 'जय जगत्' म्हणत.

नियम मात्र करू नका, लगेच 'विश्वचषक' आडवा येतो. त्यात परग्रहावरचा संघ अजून उतरलेला नाही.

संधीची हौस असेल तर जगत् + नागरिक = जगन्नागरिक.

शुद्धलेखनपीडित:
जगन्नागरिक नको हो. शाळेला रथ ओढावा लागेल.

पोथीपान:
काना_मात्रा, 'विश्व'ला इतक्या घाईने हिंदीच्या गाडीत बसवू नका. संस्कृतात त्याचा मूळ अर्थच 'सगळं'. चषकातलं आणि विश्वकोशातलं विश्व तेच. आणि ज्ञानोबांचं 'हें विश्वचि माझें घर' बाराव्या अध्यायात सातशे वर्षांहून अधिक काळ बसलेलं आहे. पण त्यातला दुसरा शब्द पाहा. घर म्हणाले, नगर नाही.

कारण 'नागरिक' वाटतो तितका सरळ शब्द नाही. नगरातला तो नागर, नागरक, नागरिक. उलट बाजूला ग्राम्य. कामसूत्रात 'नागरकवृत्त' नावाचं प्रकरण आहे. त्यातला नागरक सकाळी दात घासतो, उटणी लावतो, पोपटांना बोलायला शिकवतो, दुपारी झोप काढतो, संध्याकाळी नटूनथटून मैफलीला जातो. हक्क-कर्तव्यांचा कुठे पत्ता नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नागरिक' हा चक्क अधिकारी आहे, नगराचा कारभार बघणारा. आजचे आयुक्त म्हणा. देशाचा सभासद हा अर्थ आपण या शब्दावर फार उशिरा चढवला.

ग्रीकांचीही तीच गत. त्यांच्या भाषेत पोलिस म्हणजे नगर, त्यातला तो पोलितेस. डायोजेनिसला विचारलं, तू कुठला? तो म्हणाला, कोस्मोपोलितेस, विश्वाच्या नगरातला. हा गृहस्थ स्वतःच्या सिनोपे गावातून हद्दपार झालेला होता असं सांगतात. गाव सुटलेल्या माणसाने केलेला शब्द आहे तो, आणि मला वाटतं त्यात थोडा खवचटपणाही असावा.

पेन्शनर_पंत:
एवढं लांब कशाला? 'वसुधैव कुटुम्बकम्' आहे की. २०२३ च्या जी-२० च्या वेळी चौकाचौकात फलक होते. मुलांना पाठही असेल.

पोथीपान:
पंत, हितोपदेशात हा श्लोक कुणाच्या तोंडी आहे माहीत आहे ना? कोल्ह्याच्या. हरणाचं मांस खायचंय म्हणून तो मैत्री करायला येतो. कावळा म्हणतो, अनोळखी माणसावर भरवसा ठेवू नये. तेव्हा कोल्हा हा श्लोक फेकतो, 'हा आपला, हा परका' असं मोजणारी माणसं कोत्या मनाची. पुढे हरीण जाळ्यात अडकतं आणि कोल्हा बाजूला बसून वाट बघतो. श्लोक सुंदरच आहे, पण गोष्टीसकट शिकवा. कोण म्हणतंय आणि कशासाठी म्हणतंय हे विचारायची सवय लागली तर तासिका सार्थकी लागली.

खडूफळा:
कोल्ह्याचं माहीत नव्हतं. हे वर्गात जाणार.

कलमवाला:
वकिलीतला माणूस आहे, म्हणून 'नागरिकत्व'बद्दल बोलतो. हा कायद्याचा शब्द आहे. संविधानाची कलमं ५ ते ११ आणि १९५५ चा अधिनियम. मिळतं, जातं, काढून घेता येतं. या अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं संपलं. अशा शब्दाला 'जागतिक' जोडलं की पोराच्या डोक्यात पासपोर्ट येणारच. देणारं कार्यालय कुठाय?

आणखी एक गोष्ट. संविधान 'व्यक्ती' आणि 'नागरिक' हे दोन शब्द जपून वापरतं. भाषणस्वातंत्र्याचं कलम १९ नागरिकांसाठी. पण कायद्यापुढील समानतेचं १४ आणि जीविताचं २१ कोणत्याही व्यक्तीसाठी, मग ती परदेशी का असेना. तुमच्या पत्रकात जे शिकवायला सांगितलंय ते मला १९ पेक्षा १४ आणि २१ च्या जवळचं वाटतं.

ही संज्ञा आली कुठून तेही सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची ध्येयं ठरवली, त्यातलं चौथं शिक्षणाचं. त्याच्या ४.७ क्रमांकाच्या लक्ष्यात मानवी हक्क, स्त्री-पुरुष समानता, शांतता यांच्या रांगेत हा शब्द बसलाय. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे. तिथून झिरपत झिरपत निफाडला पोचला.

न्यूजर्सीकर:
कलमवाल्यांशी सहमत, अनुभवाने. इथल्या नागरिकत्वाच्या शपथेत आधीच्या देशाची निष्ठा सोडल्याचं मोठ्याने म्हणावं लागतं. हात वर करून म्हणालो आणि बाहेर येऊन गाडीत दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. नंतर ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड काढलं. त्यावर 'सिटिझन' छापलेलं आहे, पण ते नागरिकत्व नव्हे, मतदान नाही. मी रविवारी मराठी शाळेत शिकवतो. तिथली मुलं विचारतात, काका, आपण कुठले? त्यांना 'जागतिक नागरिक' हे उत्तर दिलं की ती ओळखतात, काका टाळतायत.

वायंगणी:
गोव्यातून. आमच्याकडे १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली आहे, त्यामुळे हा शब्द घराघरात निघतो आणि निघाला की लंडनच्या विमानाचं भाडंही निघतं. तेव्हा तोंडातला शब्द म्हणून तो बाद.

आमचा जुना शब्द सुचवते, गांवकारी. गावची जमीन सगळ्या गांवकारांची मिळून, बांध आणि मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, सांभाळायच्या त्याही मिळून, आणि उत्पन्नातला वाटा, जोण, प्रत्येकाला. वाटा आहे म्हणून कामही आहे. तुमच्याकडे 'गावकी' आहेच. 'जगाची गावकी' कसं वाटतं?

खरडछाटणी:
ताई, गावकी म्हटलं की आमच्याकडे भावकी आली, आणि भावकी आली की कोर्ट आलं.

वायंगणी:
हो, आणि स्वतःच खोट काढते. गांवकारीत बायकांना जागा नव्हती, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार पिढ्यान् पिढ्या राहिला तरी गांवकार होत नसे. 'जग' लावायला हा शब्द तोकडाच.

काना_मात्रा:
प्रत्ययाकडे बघू या का? -त्व बहुतेक वेळा दर्जा सांगतो: सदस्यत्व, नेतृत्व, अपंगत्व. -पण वागण्याजवळ जातो: माणूसपण, शहाणपण, मोठेपण. हिंदी -ता लावते, नागरिकता. 'नागरिकपण' कोशात सापडणार नाही, पण ऐकणाऱ्याला कळेल. तरी 'नागरिक' आहे तोवर पासपोर्ट सुटत नाही, हेही खरं. 'दुनियादारी'चा विचार केला होता, पण तिला मराठीत व्यवहारचतुराईचा वास आहे.

मला सुचतोय तो 'शेजारधर्म'. साखर मागायची, किल्ली ठेवायची, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं. ओळख, जात, पटतं-न पटतं हे त्यात येत नाही. पोराला समजावून सांगावा लागत नाही.

पोथीपान:
वा. मग अर्थशास्त्रातलं तेच नागरिकाचं प्रकरण पुन्हा उघडा. तिथे आगीचे नियम आहेत. पेटलेल्या घराकडे धावून न जाणाऱ्या घरमालकाला १२ 'पण' (तेव्हाचं नाणं) दंड, आणि भाडेकऱ्याला ६. भाडेकरूही सुटलेला नाही! या शब्दाच्या जुन्या संसारात मुलांना दाखवण्याजोगं काही असेल तर ते हे.

शुद्धलेखनपीडित:
'धर्म' शब्दावरून कुणी पालक येऊन भांडेल, त्याची तयारी ठेवा.

खरडछाटणी:
आणि शेजारी बांध कोरतो, तेही पोरांना माहीत असतं.

खडूफळा:
मंडळी, आज तासिका घेतली, म्हणून उशिरा लिहितेय.

नकाशा वगैरे काढला नाही. द्राक्षाचा रिकामा बॉक्स टेबलावर ठेवला. त्यावरच्या क्रमांकावरून युरोपातला माणूस प्लॉटपर्यंत पोचू शकतो हे आमच्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. 'एक्सपोर्टचा माल' आणि 'लोकलचा माल' हे शब्द त्यांच्या घरात जेवताना असतात. विचारलं, एक्सपोर्टला औषध का जपून मारतात? एकजण म्हणाला, रेसिड्यू (औषधाचा अंश) निघाला तर कंटेनर परत येतो. दुसरी म्हणाली, तिकडच्या पोराच्या पोटात जाईल म्हणून. मी ही दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. मग विचारलं, लोकलचं? बराच वेळ कुणी बोललं नाही.

वर्गात सुरगाण्याकडची एक मुलगी आहे, आईवडील हंगामाला बागेत कामाला येतात. ती एरवी बोलत नाही. ती म्हणाली, बॉक्समधलं मोजतात, माझ्या आईच्या हातावरचं कोण मोजतं?

मी 'शेजारधर्म' हा शब्द त्यानंतर लिहिला. आधी लिहिला नाही हे बरं झालं.

खरडछाटणी:
मॅडम, आमची तीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे, म्हणून सांगतो. २०१० ला युरोपने लिहोसीनवरून माल अडवला, तेव्हा आमच्या भागात सगळे हबकले होते. वेलीची वाढ आवरायला ते मारायचो, त्याचा अंश मालात सापडला. तेव्हापासून नमुना, तपासणी, फवारणीची वही, सगळं आलं. सगळं मालासाठी. मजुराच्या हातासाठी हातमोज्यांचा एक जोड आणतो आम्ही, तो पहिल्याच आठवड्यात फाटतो. त्या मुलीला माझ्याकडे उत्तर नाही. उद्या हातमोजे आणतो, एवढंच.

पेन्शनर_पंत:
श्लोक मागे घेतो.

एक भर घालतो फक्त. माढ्याजवळच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेही जिल्हा परिषदेचेच शिक्षक. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा वैर असलेल्या देशांतल्या मुलांची त्यांनी गाठ घालून दिली होती. बक्षीस दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांना वाटून टाकले. बातम्यांत 'ग्लोबल' होतं, पण गावोगावी लोक म्हणत होते 'डिसले गुरुजींनी वाटून खाल्लं'. तोंडातला शब्द हवा होता ना, हा घ्या.

काना_मात्रा:
'वाटून खाणं'! पंत, याला माझं मत. नाम नको असेल तर क्रियापद चालेल की.

कलमवाला:
अहवालात मात्र 'वैश्विक नागरिकत्व'च लिहा. रकाना तोच आहे.

खडूफळा:
लिहिलंय. तासिकेच्या फोटोसाठी फ्लेक्सही करून घेतला होता, तो आज आला. छापलंय 'वैश्विक नांगरिकत्व'. मागच्या बाकावरचा पोरगा तेव्हापासून कॉलर ताठ करून फिरतोय. अनुस्वार खोडायला पांढरा रंग कोणता टिकतो, कुणी सांगेल का?